गाथांचा परतीचा प्रवास

जबलपूरजवळच्या ग्वारीघाटावर सायंकाळी नर्मदेची आरती होते. पाण्यावर दिवे सोडले जातात, घंटा वाजते आणि आद्य शंकराचार्यांच्या नावाने परंपरेने चालत आलेले नर्मदाष्टक शेकडो कंठांतून उमटते. त्या समुदायात नगरातील सुशिक्षित असतात, शेजारच्या खेड्यांतील शेतकरी असतात, आणि खांद्याला झोळी अडकवून परिक्रमेला निघालेले मराठी यात्रेकरूही असतात. पंचचामर वृत्ताचा एक लघू, एक गुरू असा पावलापावलाने चालणारा ठेका सर्वांच्या जिभेवर बसलेला असतो. परंतु त्यांतील एखाद्याला थांबवून चरणाचा अर्थ विचारला, तर तो बहुधा संकोचाने हसेल. शब्द त्याचे आहेत, नाद त्याचा आहे. अर्थ मात्र कोठेतरी मागे राहिला आहे.

अर्थ मागे राहिला म्हणून स्तोत्र मरत नाही; नादाच्या आधारावर ते शतकानुशतके जगते. मात्र कधीतरी कोणी तरी अर्थ विचारतोच. त्या वेळी उत्तर कोणत्या रूपात द्यावयाचे, मूळ गेय आहे म्हणून गेय पद्यात की साध्या गद्यात, हा प्रश्न उभा राहतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हाच प्रश्न मुंबई शहरात एका इराणी कवीपुढे उभा राहिला होता. त्याच्यासमोरील स्तोत्रे होती जरथुश्त्राच्या गाथा, आणि ज्या भाषेत ती उतरवावयाची होती ती होती आजची फारसी.

गाथा हा शब्द मराठी माणसाला परका नाही. तुकोबांच्या अभंगांच्या संग्रहाला आपण गाथाच म्हणतो. हालाची सप्तशती महाराष्ट्री प्राकृतातील गाथांचीच आहे. आणि ऋग्वेदातही हा शब्द आढळतो. गाणे ह्या एकाच धातूपासून निघालेला हा शब्द इराणी आर्यांनीही आपल्या सर्वांत पवित्र गीतांना दिला. अवेस्ता ह्या ग्रंथसमूहात यस्न नावाचा जो भाग आहे, त्याच्या पोटात ही सतरा सूक्ते आहेत. पाच गटांत विभागलेली त्यांची कडवी सुमारे दोनशे चाळीस भरतात. यस्न म्हणजे आपला यज्ञ. अवेस्तेतील हओम तो आपला सोम, झओता तो होता, मन्थ्र तो मंत्र. पहिल्याच सूक्ताच्या आरंभी उपासकाच्या मुद्रेसाठी 'उस्तानझस्त' असा शब्द येतो. तो 'उत्तानहस्त' आहे हे संस्कृत जाणणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

एका सूक्तात जरथुश्त्र आपल्या परमेश्वराला, अहुर मज्दाला, प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. सूर्याला आणि ताऱ्यांना वाट कोणी आखून दिली? चंद्र वाढतो आणि क्षीण होतो तो कोणामुळे? पृथ्वीला खालून आणि आकाशाला वरून कोणी सावरले आहे? दुसऱ्या एका सूक्तात गाईचा आत्मा आक्रोश करतो, की मला कोणासाठी घडविले, माझा त्राता कोण? ही वाणी उपदेशकाची कमी आणि शोध घेणाऱ्याची अधिक आहे. तिचा काळ निश्चितपणे ठरत नाही. परंतु तिची भाषा ऋग्वेदाच्या भाषेची सख्खी बहीण असल्याने ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

इतक्या दीर्घ काळात इराणची भाषा अनेकदा बदलली. गाथांची भाषा बोलीतून लुप्त झाली. ससानी राजवटीत तिच्यावर पहलवी भाषेत टीका रचण्यात आली, पण टीकाकारांनाही कित्येक ठिकाणी अर्थ उमगला नव्हता. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यानंतर पहलवीही मागे पडली. जरथुश्त्राचे काही अनुयायी समुद्रमार्गे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले आणि संजाण येथे वसले. संकटकाळी त्यांनी आपला पवित्र अग्नी डहाणूजवळच्या बाहरोटच्या डोंगरातील लेण्यांत जपला, असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते.

ह्या आश्रयभूमीत गाथांची दोन प्रकारे सेवा झाली. अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास नेरयोसंग धवल नावाच्या पारशी पंडिताने पहलवीच्या आधाराने यस्नाचे संस्कृत भाषांतर केले. नव्या भूमीत अर्थ टिकवावयाचा तर तो येथील विद्वानांच्या भाषेत ठेवला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे असावी. पुढे १३२३ मध्ये इराणहून आलेल्या मेहेरबान कैखुसरो नावाच्या लेखकाने खंभात येथे यस्नाच्या दोन प्रती लिहून काढल्या. त्यांतील एक आज ऑक्सफर्डला आणि दुसरी कोपनहेगनला आहे. यस्नाच्या उपलब्ध हस्तलिखितांत त्या अत्यंत जुन्या आणि महत्त्वाच्या गणल्या जातात. इराणच्या ऋषीची वाणी अशा रीतीने गुजरातच्या एका बंदरात कागदावर सुरक्षित झाली.

अर्थाचा शोध पुन्हा सुरू झाला तो युरोपीय विद्येच्या संसर्गाने. आंकेतील द्युपेरों हा फ्रेंच तरुण सुरतेला दस्तूर दाराब ह्यांच्याजवळ शिकला आणि १७७१ मध्ये त्याने पॅरिसला अवेस्तेचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. परंतु अवेस्तेचा कोणता भाग स्वतः जरथुश्त्राचा आणि कोणता उत्तरकालीन, हा विवेक त्यात नव्हता. गाथा ह्या बाकीच्या ग्रंथाहून भाषेने आणि विचाराने वेगळ्या असून त्याच प्रत्यक्ष प्रेषिताची वाणी आहेत, हे ठामपणे मांडले मार्टिन हाउग ह्या जर्मन पंडिताने. १८५९ मध्ये हाउग पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकविण्यासाठी आले आणि सहा-सात वर्षे तेथे राहिले. १८६२ मध्ये मुंबईला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी पारशी समाजात मोठी खळबळ उडविली. वेदाच्या साहाय्याने गाथा वाचण्याची जी वाट पुढे रूढ झाली, तिच्या आरंभी पुण्याचे हे दिवस आहेत.

इकडे ग्रंथांचा अर्थ उकलत होता. तिकडे इराणात जरथुश्त्राचे अनुयायी यज्द आणि करमान ह्या भागांत हलाखीत दिवस कंठीत होते. त्यांच्यावर जिझिया होता. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी मानेकजी लिमजी हातरिया ह्यांना त्यांच्या साहाय्यासाठी धाडले. त्यांच्या आणि मुंबईकरांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला. यज्द-करमानहून अनेक कुटुंबे मुंबईस आली; शहराच्या नाक्यानाक्यांवर ज्यांची चहाची दुकाने उभी राहिली, ते इराणी हेच. ह्याच वर्गातून पुढे आलेले दिनशा जीजीभाई इराणी हे मुंबईचे नामांकित सॉलिसिटर होते. १८८१ मध्ये जन्मलेल्या ह्या गृहस्थांनी आपल्या व्यवसायाइतकाच वेळ फारसी काव्य आणि गाथा ह्यांना दिला. १९२४ मध्ये त्यांनी गाथांतील निवडक भागाचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. त्यास रवींद्रनाथ ठाकुरांची प्रस्तावना लाभली.

परंतु इंग्रजीने इराणची गरज भागणार नव्हती. इराणातील बहुसंख्य वाचक मुसलमान होते, त्यांची भाषा फारसी होती, आणि त्या भाषेत त्यांच्याच भूमीतील सर्वांत जुनी वाणी उपलब्ध नव्हती. मुंबईच्या पारशांची घरची भाषा तर गुजराती झालेली. म्हणून ज्याची फारसी अस्सल आहे, ज्याला युरोपीय संशोधन अवगत आहे आणि ज्याच्या मनात प्राचीन इराणविषयी ओढ आहे, असा मनुष्य शोधणे आवश्यक होते. तो लाभला इब्राहिम पूरदाऊद ह्यांच्या रूपाने.

पूरदाऊद रश्तच्या एका मुसलमान व्यापारी घराण्यात जन्मले होते. तेहरानला वैद्यक, बैरूतला फ्रेंच साहित्य, पॅरिसला कायदा असा प्रवास करीत ते पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत बर्लिनला पोहोचले आणि तेथे जर्मन इराणविद्येच्या छायेत प्राचीन भाषांकडे वळले. ते कवीही होते. १९२५ च्या शरदात पारशांच्या निमंत्रणावरून ते मुंबईला आले आणि सुमारे अडीच वर्षे येथे राहिले. पेशोतनजी मार्कर ह्या दानशूर पारशाच्या नावाने सुरू झालेल्या ग्रंथमालेत १९२७ मध्ये त्यांच्या गाथांचे फारसी भाषांतर मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याच्या दीर्घ प्रस्तावनेचे इंग्रजी रूपांतर दिनशा इराणींनी केले. पाठोपाठ १९२८ मध्ये पूरदाऊदांचा स्वतःच्या कवितांचा संग्रहही मुंबईतच निघाला. त्याला त्यांनी आपल्या कन्येचे, पूरानदुख्तचे, नाव दिले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याच्या लेखणीतून पद्य सहज उतरत असे, त्या कवीने गाथा पद्यात उतरविल्या नाहीत. त्याने त्या गद्यात दिल्या. फारसी ही तर काव्याची भाषा. तिच्यात इतिहास पद्यात, नीती पद्यात, प्रवास पद्यात. खुद्द जरथुश्त्राची कथाही तिने पद्यात सांगितली आहे. दकीकी ह्या कवीने रचलेल्या, त्या कथेच्या सुमारे हजार ओळी फिर्दौसीने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या शाहनाम्यात समाविष्ट केल्या. प्रेषिताचे चरित्र फारसी वृत्तात आले, पण त्याची वाणी मात्र आली नव्हती. मग ती प्रथमच येत असताना गद्याची कास का धरावी?

ह्याचे उत्तर दोन्ही काव्यांच्या घडणीत आहे, आणि ते मराठी कानाला समजावून देणे सोपे आहे. गाथांचे छंद अक्षरांच्या संख्येवर चालतात. पहिल्या गाथेची ओळ सात आणि नऊ अशा सोळा अक्षरांची. दुसरीची चार आणि सात अशा अकरांची, म्हणजे जवळजवळ आपला वैदिक त्रिष्टुभ. कोणते अक्षर लघू आणि कोणते गुरू ह्याचे त्यांना बंधन नाही. सहा, सहा, सहा, चार अशा अक्षरांनी चालणारा तुकोबांचा अभंग ह्याच जातीचा. फारसी वृत्ते ह्याच्या उलट, लघुगुरूंच्या ठरीव क्रमावर चालतात. शाहनाम्याचे मुतकारिब वृत्त घ्या. समर्थांच्या मनाच्या श्लोकांचे जे भुजंगप्रयात, त्याचेच ते भावंड; केवळ चरणाच्या शेवटी एक अक्षर कमी. तेव्हा गाथा फारसी वृत्तात बसविणे म्हणजे तुकोबांचा अभंग भुजंगप्रयातात बसविणे होय. अशक्य नाही, परंतु बसविणाऱ्याला कोठे शब्द मोडावा लागेल, कोठे भरीचा शब्द घालावा लागेल, आणि तुकोबांचा रोखठोकपणा त्या भरतीखाली दबेल.

दुसरी अडचण यमकाची आणि ओळींच्या हिशेबाची. गाथांत यमक नाही. फारसी पद्य मात्र सयमक आणि दोन-दोन चरणांच्या जोड्यांनी चालणारे. पहिल्या गाथेचे कडवे तीन ओळींचे, दुसरीचे पाच ओळींचे. तीन ओळींचे कडवे दोन जोड्यांत घालावयाचे तर चौथी ओळ कोठून आणावयाची? ती भाषांतरकाराला पदरची घालावी लागते. ललित काव्यात ते चालून जाते. ज्याचा प्रत्येक शब्द पवित्र मानला जातो आणि अनेक शब्दांचा अर्थ वादग्रस्त आहे, तेथे ती पदरची ओळ वाचक प्रेषिताचीच समजणार.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. गाथांची भाषा विभक्तींनी समृद्ध आहे, तिच्यात तीन लिंगे आहेत. आजच्या फारसीत लिंगभेद उरलेला नाही. भक्तीची आणि नम्रतेची देवता आर्मइती ही गाथांत स्त्री आहे; फारसीत तिला आणि अहुर मज्दाला एकच सर्वनाम. आणि दैवी गुणांची नावे? वोहु मनह, म्हणजे सन्मन, हे फारसीत झिजून बहमन झाले. क्षथ्र वइर्य, म्हणजे वरणीय राज्य, ते शहरिवर झाले. अष वहिश्त, म्हणजे श्रेष्ठ ऋत, ते उर्दीबेहेश्त. योगायोग असा, की १९२५ च्या वसंतात इराणच्या विधिमंडळाने जुनी इराणी मासनामे अधिकृत केली. त्यामुळे ज्या वर्षी पूरदाऊद मुंबईला निघाले, त्याच वर्षी ही नावे इराणच्या प्रत्येक कचेरीच्या कागदावर आली. परंतु महिन्यांची नावे म्हणून. बहमन म्हटले की वाचकाला माघाची थंडी आठवणार, जरथुश्त्राचे सन्मन नव्हे. केवळ अर्थ द्यावा तर ते व्यक्तिरूप नाहीसे होते. केवळ नाव द्यावे तर अर्थ नाहीसा होतो. दोन्ही द्यावयाचे तर टीप हवी, आणि टीप ही गाता येत नाही.

पूरदाऊदांनी टिपेचा मार्ग पत्करला. बार्थोलोमे ह्या जर्मन पंडिताच्या कोशाचा आणि भाषांतराचा आधार घेऊन त्यांनी सूक्तामागून सूक्त साध्या, वजनदार फारसी गद्यात उतरविले. त्याला विस्तृत प्रस्तावना जोडली. संज्ञांचे विवेचन केले. कवीला स्वतःच्या हातातील वाद्य बाजूला ठेवणे सोपे नसते. ह्या संयमामुळे त्या ग्रंथाला विश्वासार्हता आली. मुसलमान घरातून आलेल्या भाषांतरकाराने दुसऱ्यांच्या धर्मग्रंथात स्वतःचे काही मिसळले, असा आक्षेप घेण्यास त्यात जागा कमी राहिली. हेही विसरता येत नाही, की श्रद्धावान पारशाच्या दृष्टीने गाथेचे सामर्थ्य तिच्या उच्चारात आहे. अग्यारीत म्हटली जाणारी गाथा मूळ भाषेतच राहिली. भाषांतर तिच्या जागी बसण्यासाठी नव्हते, तिच्या शेजारी उभे राहण्यासाठी होते.

ह्याच सुमारास पुण्यात एक मराठी कवी फारसीच्या वृत्तांशी झुंजत होता, ही गोष्ट येथे सहज आठवते. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, ह्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा आणि छंदोरचना १९२७ ची. त्यांनी गझल मराठीत आणली आणि उमर खय्यामच्या रुबायांना मराठी पद्यरूप दिले. पद्याचे पद्यात भाषांतर करता येते, हे त्यांनी दाखविले. पण खय्यामचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. प्रश्न केवळ त्याच्या सौंदर्याचा होता. गाथांच्या बाबतीत अर्थच अद्याप हाती यावयाचा होता. जेथे अर्थ स्थिर आहे तेथे कवीला मोकळीक आहे. जेथे तो अस्थिर आहे तेथे आधी गद्याने पाया घातला पाहिजे. विनोबांनी १९३०-३१ मध्ये गीता मराठी पद्यात उतरविली आणि गीताई घरोघर गेली. परंतु तिच्यामागे ज्ञानेश्वरांपासूनची साडेसहाशे वर्षांची मराठी विवरणाची परंपरा उभी होती. फारसीत गाथांच्या मागे असे काहीच नव्हते.

पूरदाऊदांनीही आपले भाषांतर अंतिम मानले नाही. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी गाथांचे नव्याने भाषांतर करून ते प्रसिद्ध केले. अवेस्तेतील यश्तांचे भाषांतरही त्यांनी केले. १९३२ मध्ये रवींद्रनाथ इराणला गेले तेव्हा दिनशा इराणी त्यांच्यासोबत होते. त्या भेटीच्या पाठोपाठ पूरदाऊद शांतिनिकेतनला अध्यापनासाठी आले. पुढे तेहरान विद्यापीठात त्यांनी अवेस्ता आणि प्राचीन इराणी भाषा शिकविल्या, आणि त्यांच्या शिष्यांनी त्या विद्येचा विस्तार केला. दिनशा इराणी १९३८ मध्ये गेले, पूरदाऊद १९६८ मध्ये. त्यांच्यामागून इराणात गाथांची आणखी भाषांतरे झाली, आणि त्यांना पद्यरूप देण्याचेही प्रयत्न झाले. त्या पद्यकारांना पाय ठेवण्यासाठी जी भूमी मिळाली, ती मुंबईच्या त्या गद्याने तयार केलेली होती.

ह्या कथेत कोणा एकाच्या मालकीचे काही नाही. वाणी इराणची, तिचे हस्तलिखित खंभातचे, तिच्या वेगळेपणाचा निर्वाळा पुण्यात शिकविणाऱ्या जर्मनाचा, ग्रंथाला आधार पारशाचा, लेखणी मुसलमान घराण्यातील कवीची, आणि छपाई मुंबईची. अनेक शतके परदेशी सांभाळलेली ठेव ज्यांची होती त्यांना त्यांच्याच भाषेत परत करण्यात आली. सांभाळणाऱ्यांनी ती कडीकुलपात ठेवली नाही, आणि परत करणाऱ्याने तिच्यावर आपली नक्षी कोरली नाही, ह्या दोन्ही गोष्टींना सारखेच मोल आहे.

ग्वारीघाटावर आरती संपते, दिवे प्रवाहाबरोबर दूर जातात आणि मंडळी पायऱ्या चढू लागतात. एखादे लहान मूल आजोबांचे बोट धरून विचारते, की आता आपण जे म्हटले त्याचा अर्थ काय? आजोबांनी तेथे नवे स्तोत्र रचण्याची आवश्यकता नसते. त्यांनी ठाऊक असेल तेवढे सरळ शब्दांत सांगावे, आणि जे ठाऊक नसेल ते जाणत्याला विचारावे. उद्या सायंकाळी तेच मूल तेच अष्टक त्याच ठेक्यात म्हणेल. परंतु त्यातील एखादा तरी शब्द त्या वेळी त्याला समजलेला असेल.